दाराची जागा

"माझी खोली वाहून गेली हो!"

दुकानाचं काचेचं दार खांद्याने ढकलत तो आत आला तो हे म्हणतच. मी कॉम्प्युटरवरून मान वर केली. बाहेर पाऊस तिरका कोसळत होता. त्याने टपटपणारी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि डावा तळहात माझ्यापुढे उघडला. निळ्या शाईचे ओघळ पार मनगटापर्यंत गेले होते.

"कागद नव्हता का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"होते ना. बत्तीस मुलांच्या बत्तीस वह्या होत्या पिशवीत. त्या भिजू नयेत म्हणून छत्री त्यांच्यावर धरली, तर इकडे खोली भिजली." तळहात डोळ्यांजवळ नेऊन तो म्हणाला, "लांबी वाचलीय. दहा फूट. रुंदी मात्र गेली बिचारी."

मला हसू आलं. मी हळूच हसते आणि बोलते त्याहून हळू. फर्निचरच्या दुकानात दिवसभर ठोकाठोक चालते, तिथे माझा आवाज कुणाच्या कानावर पडत नाही. म्हणून कामगारांनी माझं नाव 'कुजबुज' ठेवलं होतं. पण त्याला माझं हसणं ऐकू आलं. आलं म्हणूनच त्याने वर पाहिलं... आणि मग बघतच राहिला. मी घाईघाईने की-बोर्डवरची धूळ पुसू लागले. धूळ नव्हतीच तिथे.

त्याने घरी फोन लावला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की माझ्यासकट सगळ्या दुकानाने ऐकला.

"बाबा, तुमच्या खोलीची रुंदी पुन्हा मोजता का?"

"नऊ!"

"नऊ काय, बाबा?"

"नऊ फूट, मास्तर! वर्गातल्या पोरांना विचारतोस तसं मला विचारू नकोस!"

तर असा तो गणिताचा मास्तर. बाबा आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले. दोघं नुकतेच एका लहान घरात राहायला आले होते आणि बाबांच्या खोलीत एक मोठं कपाट हवं होतं.

"बसेल का, तेवढं सांगा," तो म्हणाला.

"मी नाही... हा सांगेल." मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

तो प्रोग्राम माझा होता. लोक हौसेने भलंमोठं सामान घेऊन जायचे आणि आठवड्याने परत आणायचे. त्याला कंटाळून मालकांनी मला तीन महिन्यांच्या वर्गाला घातलं होतं. अगदी नवशिक्याचं काम ते. एकेक प्रश्न विचारायचा, मिळालेलं उत्तर नाव देऊन जपून ठेवायचं, लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूची जागा त्यातून वजा करायची. शेवटी एक ओळ यायची: 'वापरायला इतके चौरस फूट उरले.' एवढंच. पण पहिल्यांदा ती ओळ उमटली तेव्हा मी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली होती.

त्याने खुर्ची ओढली. प्रोग्राम विचारत गेला, तो उत्तरं देत गेला. खोली दहा बाय नऊ. पलंग साडेसहा बाय तीन. टेबल तीन बाय दोन. कपाट पाच बाय दोन.

'वापरायला ५४.५ चौरस फूट उरले.'

"अरे वा!" तो खरंच खूश झाला. "पाठ्यपुस्तकात क्षेत्रफळाचा धडा आहे, पण असं कपाट कुणाच्या खोलीत जात नाही त्यात. हे तुम्ही एकटीने केलंत?"

"सोपं असतं ते."

"सोपं करणं सोपं असतं का?" तो म्हणाला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, "मी उद्या येऊन पावती करतो. साडेसहाला चालेल?"

"चालेल... पण सहा ते सात मी बोलत नाही."

"कुणाशी?"

"कुणाशीच."

"भांडण झालंय?"

"नाही हो." माझा आवाज आणखी खाली गेला. "रोजचं व्रत आहे ते. आई आजारी होती तेव्हा संध्याकाळच्या त्या तासाला तिला जरासा आवाज सहन व्हायचा नाही. ती गेल्यावर तो तास मी देवाला देऊन टाकला. नऊ वर्षं झाली. काम करते, कुणाला काही सांगायचं असलं तर कागदावर लिहून देते. बोलत मात्र नाही."

मला वाटलं, आता तो काहीतरी गंमत करणार. सगळेच करतात. पण तो म्हणाला, "मग मी पावणेसहाला येत जाईन. पंधरा मिनिटं तरी ऐकायला मिळेल..."

'येईन' नाही म्हणाला. 'येत जाईन' म्हणाला. ते मी रात्रभर मनात घोळवलं, हे लिहितानाही कानशिलं गरम होतात.

पुढच्या सोमवारी कपाट त्यांच्या घरी गेलं.

आणि त्याच संध्याकाळी, सहा वाजून वीस मिनिटांनी, तो धापा टाकत दुकानात आला. शर्टाला धूळ, कोपराला खरचटलेलं.

"दोन तास!" तो मालकांना सांगत होता. "दोन तास बाबा खोलीत अडकले होते. तुमची माणसं कपाट लावून गेली. बाबांनी खोलीचं दार लोटलं आणि कपाटाचं दार उघडलं. ते खोलीच्या दाराच्या मुठीवर अडलं. बाबांनी आणखी जोर लावला, तर मूठ ओलांडून ते पलीकडे जाऊन बसलं. मग ना कपाट मिटेना ना खोलीचं दार आत उघडेना. मी शाळेतून आलो तेव्हा ते आत गाणी म्हणत होते. खिडकीतून आधी बिस्किटं दिली, मग मी स्वतः आत शिरलो आणि कपाटाचं दार उचकटलं."

कामगार खो खो हसायला लागले. मालकही हसले. मी हसले नाही.

कारण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मला कळलं होतं. दार उघडायला जागा लागते. खोलीच्या दाराला लागते, कपाटाच्या दारांनाही लागते. ती जागा रिकामी दिसते, पण वापरता येत नाही. हे मी प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. तो प्रश्नच त्यात नव्हता. मी स्वतः दिवसातून वीस दारं उघडते आणि मिटते, आणि...

"माप गिऱ्हाइकाचं, तर जबाबदारीही गिऱ्हाइकाची," मालकांनी हात झटकले. "फोनवर मापं घेतलीत तुम्ही. आम्ही काय करणार?"

तो माझ्याकडे वळला. आवाजात तक्रार नव्हती, खरंच विचारत होता. "त्या दिवशी दाराचं माप प्रोग्रामने विचारलं होतं का हो? की मीच द्यायला विसरलो?"

माझ्यासमोर वही होती. पेन्सिल वहीवरच होती, टोक करून ठेवलेली. दहाच मिनिटांपूर्वी मी त्या वहीच्या कागदावर एका बाईंना 'गादी उद्या येईल' असं लिहून दिलं होतं. 'चूक माझी आहे' लिहायला किती वेळ लागला असता?

मी ओठांवर बोट ठेवलं... आणि मान खाली घातली.

"अरे हो... सहा वाजून गेले." तो एकदम ओशाळला. "माफ करा हं, माझ्या लक्षातच राहिलं नाही. जाऊ दे, माझंच चुकलं असणार. गणिताचा मास्तर मी, आणि दार विसरलो!"

तो हसत गेला. मी आईच्या तासामागे लपून बसले होते. देवाला दिलेल्या तासामागे. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं वाटलं. पण धरणीलाही माझी लाज वाटली असती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी आले आणि प्रोग्राम दुरुस्त केला. दोन प्रश्न वाढवले: 'खोलीचं दार किती रुंद? आत उघडतं का?' आणि 'कपाटाला दारं आहेत का? एक दार किती रुंद?' दार फिरतं ती जागा पाव वर्तुळाची, पण तिथल्या कोपऱ्यातही काही ठेवता येत नाही, म्हणून सरळ चौरस धरला. अडीच बाय अडीच, म्हणजे सव्वासहा. कपाटासमोर पाच बाय अडीचचा पट्टा, म्हणजे साडेबारा. साडेचोपन्नचे उरले पावणेछत्तीस. मग आजूबाजूला बघितलं, आणि जुना प्रोग्राम पुसून टाकला.

चूक दुरुस्त करताना चोरी केल्यासारखं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी माझी आत्या असते. तिने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय गं, देवापुढे बसतेस आणि डोळे मिटलेलेच ठेवतेस? पूर्वी टक लावून बघायचीस."

"डोळे दुखतायत."

"हं," आत्या म्हणाली. "दोन्ही एकदम?"

शनिवारी पावणेसहाला तो आला. मी काउंटरच्या आत इतकी आक्रसले की मालकांनी विचारलं, थंडी वाजतेय का.

पण तो भांडायला आला नव्हता. "एक मदत हवीय," तो म्हणाला. "तुमचा प्रोग्राम मला वर्गात शिकवायचाय. सातवीची मुलं आहेत. मुलांनी आपापल्या घराची वापरायची जागा काढायची. पण तो आधी मला शिकवावा लागेल. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुम्हाला? गणिताच्या सरांना?"

"दार विसरणाऱ्या सरांना," तो हसला. "मी वर्गात सगळं सांगून टाकलं. माझी चूक काय झाली, बाबा कसे अडकले. अशी हसली पोरं! आता कुणाचं गणित चुकलं की म्हणतात, सर, तुमच्या कपाटाएवढं नाही चुकलं."

 बत्तीस मुलं. माझ्या चुकीवर त्याला हसणारी बत्तीस मुलं.

सांग. आत्ता सांग... असं मन म्हणत होतं. तोंडातून मात्र निघालं, "पुढच्या शनिवारी पाच वाजता या."

तीन शनिवार तो आला. मालकांनी आम्हाला मागच्या बाजूचं, विकायला ठेवलेलं जेवणाचं टेबल दिलं, वर प्लॅस्टिक तसंच ठेवून. त्या प्लॅस्टिकवर त्याची बाही चर्र वाजायची. मी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून मोडून त्याला पुन्हा बांधायला लावला.

"आधी काय विचारायचं?"

"लांबी."

"आणि ती कुठे ठेवायची?"

"लक्षात."

"कॉम्प्युटरला लक्षात राहत नाही, सर. नाव देऊन ठेवावं लागतं. एका नावाला एकच उत्तर. त्याच नावात दुसरं घातलं की पहिलं गेलं."

"निष्ठुर आहे," तो म्हणाला. "आणि लांबी विचारल्यावर कुणी 'भरपूर' असं उत्तर दिलं तर?"

"तर तो रुसतो. पुढे जातच नाही."

"तुमच्यासारखाच म्हणा की."

"मी कधी रुसले?"

"मी मागच्या शनिवारी दहा मिनिटं उशिरा आलो तेव्हा. नमस्कारसुद्धा माझ्याकडे न बघता केलात."

मी रुसले नव्हते. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याने एखादी ओळ बरोबर लिहिली की तो माझ्याकडे असा बघायचा, एखाद्या मुलाने पाढा म्हणून दाखवावा तसा... आणि मी नजर स्क्रीनवर नेऊन खिळवायचे. प्रेम असं लाजत येतं म्हणतात. माझं तर शरमेत बुडूनच आलं. लाजणं कुठे संपतं आणि शरम कुठे सुरू होते, ते मलाच कळेनासं झालं होतं.

दुसऱ्या शनिवारी प्रोग्राम चालवून पाहताना तो त्या प्रश्नापाशी आला. 'खोलीचं दार किती रुंद? आत उघडतं का?'

तो थांबला. "म्हणजे विचारतो हा. मी त्या दिवशी काय उत्तर दिलं होतं हो?"

एवढी सरळ संधी देव दुसऱ्यांदा देतो का? त्याने दिली. आणि मी म्हणाले, "आठवत नाही."

दोनच शब्द. त्या रात्री जेवण घशाखाली उतरलं नाही. व्रत मोडलं की प्रायश्चित्त असतं, ते मला ठाऊक होतं. पण व्रत न मोडता, त्याच व्रताचा आडोसा करून खोटं वागलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी बाबाही बरोबर आले.

"तर ही ती!" दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ हिचाच प्रोग्राम चालू असतो."

"बाबा!" मास्तर लालबुंद झाला आणि "मी... मी झेरॉक्स काढून आणतो" म्हणत समोरच्या दुकानात पळाला.

बाबा प्लॅस्टिक घातलेल्या खुर्चीत ऐसपैस बसले. "छत्तीस वर्षं बस चालवली मी, पोरी. कुठे अडकलो नाही. आणि अडकलो कशात? तर कपाटात!"

"बाबा..." मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हात एकमेकांत घट्ट गुंतले होते. "सर चुकले नव्हते. प्रोग्रामने दार विचारलंच नव्हतं. मी विसरले होते. ते विचारायला आले तेव्हा मी... मी गप्प राहिले."

इतकं हळू बोलले होते मी, तरी त्यांना नीट ऐकू गेलं. त्यांनी डोळे बारीक केले. मग खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"हात्तिच्या! त्याला सांगू नकोस हं. पाचवीपासून हा पोरगा माझे हिशोब दुरुस्त करतोय. जन्मात पहिल्यांदा त्याचं काहीतरी चुकलेलं सापडलंय मला. रोज जेवताना उकरून काढतो!"

मला हसायचं होतं. डोळे भरून आले. ते बघून बाबांचा आवाज एकदम खाली आला. तेवढा खाली तो येऊ शकतो, असं मला वाटलं नव्हतं.

"बरं... सांगायचंच असेल तर आज सांग. तो हल्ली सहा वाजले की आमचा रेडिओ बंद करतो. सातपर्यंत मला बातम्या ऐकू देत नाही. विचारलं तर म्हणतो, एक माणूस या वेळी गप्प असतं, आपणही राहू."

मी टेबलाची कड धरली. मी ज्या तासामागे लपले होते, तो तास हा माणूस माझ्यासाठी पाळत होता.

तो झेरॉक्स घेऊन आला तेव्हा सहाला वीस मिनिटं होती. बाबा उठून मालकांशी पलंगांबद्दल वाद घालायला गेले. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दाराचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी घातला, जुना पुसून टाकला. आठवत नाही म्हणाले, पण सगळं आठवत होतं.

"चूक झाली तर झाली," तो सावकाश म्हणाला. "मीही रोज करतो. पण त्या संध्याकाळी..."

"वही समोर होती," मी म्हणाले. "लिहिता आलं असतं."

तो बराच वेळ हातातल्या कागदांच्या कडा जुळवत राहिला. त्या जुळलेल्याच होत्या.

"त्या दिवशी तुम्ही मान खाली घातलीत, आणि मी घरी जाताना सगळ्या रस्त्याने विचार करत होतो, किती शांत माणूस आहे हे... आपण उगाच जाऊन त्रास दिला." त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "सोमवारी वर्ग आहे. यायचं तर या."

आणि "बाबा, चला" म्हणून तो निघून गेला.

मी मालकांनाही सांगितलं. "त्याला कशाला सांगत बसलीस?" ते कडाडले. मग डोकं खाजवत म्हणाले, "सरकत्या दारांचं कपाट पाठवा त्यांच्याकडे. आणि तू... तू आता तरी खा काहीतरी. आठवडाभर डबा तसाच नेतेस परत."

सोमवारी मी गेले. पाय पुढे पडत नव्हते, तरी गेले. शाळेच्या लांब ओसरीत ओल्या चपलांचा वास होता. वर्गात त्याने माझी ओळख करून दिली, नीट, आदराने, पण नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. मुलांनी आपापल्या घराची मापं आणली होती. एकाने खोलीत हत्ती ठेवून पाहिला. उत्तर उणे आलं.

"म्हणजे काय रे?" त्याने विचारलं.

"म्हणजे आम्ही बाहेर, सर!"

वर्ग हसला. मग दाराचा प्रश्न आला. तो फळ्याकडे वळला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "आणि ही दाराची जागा धरायला—"

"मी विसरले होते," मी म्हणाले. "तुमचे सर नाही."

मागच्या बाकांना ऐकू गेलं नसावं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्याने बोलले. "हा प्रोग्राम मी लिहिला होता. दाराचा प्रश्न मीच घातला नव्हता. सरांनी विचारलं, तरी सांगितलं नाही. तुम्ही त्यांना हसलात, ते खरं म्हणजे मला हसायला हवं होतं."

खडू फळ्यावर थांबला होता.

"का नाही सांगितलं?" पहिल्या बाकावरचा एक मुलगा.

"लाज वाटली."

"चूक केल्याची?"

"आधी चूक केल्याची. मग न सांगितल्याची. दुसरी जास्त मोठी झाली."

 मग खिडकीजवळची एक मुलगी कुणालाही न विचारता म्हणाली, "मी पण नाही सांगत. पान फाडून टाकते." आणि मग एकेक करत... कुणी वही हरवली सांगतो, कुणी शेजारच्याचं बघून लिहितो. अख्खा वर्ग बोलायला लागला. तो फळ्याकडे तोंड करूनच उभा होता, कोरा भाग डस्टरने पुन्हा पुन्हा पुसत.

तास संपला. "आभारी आहे," तो म्हणाला. एवढंच.

त्यानंतर तेरा दिवस तो आला नाही. दोन शनिवार गेले. मी रोज देवापुढे बसले आणि डोळे उघडे ठेवले. मागितलं काहीच नाही. कुठल्या तोंडाने मागणार होते? आत्या म्हणाली, "डोळे बरे झाले वाटतं." मी म्हणाले, "हो. आता दुसरंच काहीतरी दुखतंय."  तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

चौदाव्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या वेळेत तो काउंटरपुढे उभा.

"तुमच्यावर रागावलो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"नाही, पुरतं माहीत नाही. खूप रागावलो होतो. पण वर्गात राग टिकूच देत नाहीत हो पोरं. आता गणित चुकलं की हात वर करून आपणहून सांगतात, 'सर, माझी दाराची जागा राहिली!' आठ वर्षं शिकवतोय मी. लाल शाईने मी त्यांना चुका लपवायलाच शिकवत होतो बहुतेक. तुम्ही एका तासात..." तो अडखळला. "जाऊ दे. भाषण तयार करून आणलं होतं, ते गेलं. बाबांनी एक घर बघून ठेवलंय. तीन खोल्यांचं. ते म्हणतात, आत्ताच्या घरात तिसऱ्या माणसाला जागा नाही."

"तिसरं माणूस कोण?" मी विचारलं. छाती इतकी धडधडत होती की ठोकाठोकीतही ऐकू आली असती.

"ते... आधी घर मोजू या. मोठ्या खोलीत फीत एकट्याला धरता येत नाही."

मालकांनी पाठमोऱ्यानेच हात हलवला. "जा, जा. गिऱ्हाइकाचं माप आहे. आणि दारं मोज!"

घर रिकामं होतं. नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास, फरशीवर उन्हाचा मोठा तुकडा, आणि आमच्या पावलांचे आवाज भिंतीवरून परत येणारे. त्याने स्टीलची मोजफीत काढली. टोक माझ्या हातात दिलं आणि फीत सोडत सोडत समोरच्या भिंतीपर्यंत गेला.

"किती?" मी इकडून विचारलं.

"बारा फूट चार इंच. लिहा."

मी लिहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. पण या वेळी मी थांबले नाही. "नका धरू ते. माझं टोक भिंतीला टेकलेलं नव्हतं. चार बोटं अलीकडे होतं. चुकलं माझं."

पलीकडे तो हसला. मोठ्याने नाही, माझ्यासारखा.

"आता टेकवलंय?"

"आता टेकवलंय."

"बारा फूट सात," तो म्हणाला. पण फीत सोडली नाही. ती हातात धरून तो माझ्याकडे चालू लागला. फीत सर् सर् करत डबीत जात होती आणि तो आकडे वाचत होता. "अकरा... नऊ... सात..."

"हे कसलं माप?" मी म्हणाले. 

"पाच... दीड..." तो थांबला. उन्हाच्या तुकड्यात, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याचाही आवाज आता कुजबुजीएवढाच झाला होता. "तिसरं माणूस तुम्ही व्हाल का?"

माझी मान सवयीने खाली जाऊ लागली. अजूनही लाज वाटतच होती. त्याच्या चांगुलपणापुढे ती बहुधा जन्मभर थोडी वाटत राहील, आणि राहू दे. पण मी मान वर केली. त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि भिंतीवरून परत येईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाले,

"होईन."